धरणाला मंजुरी मिळाली... म्हणजे नेमकं काय मिळालं?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे मराठी हा मार्कांपुरता विषय. सातवीच्या पेपरात मी 'सरकारचे पाण्याविषयीचे धरण' असं लिहिलं होतं आणि बाईंनी लाल पेनने समासात लिहिलं होतं, "धरण नव्हे, धोरण!" गंमत म्हणजे सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर कळतंय की हे दोन शब्द एकमेकांपासून फारसे लांब नाहीत. तेव्हा या लेखातल्या शुद्धलेखनाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांची, माहितीची माझी!

तर झालं असं. २०२५ सालची गोष्ट. लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नेहमीचा कागद लागला होता : "उद्या पाणी येणार नाही. विद्यार्थिनींनी पाणी भरून ठेवावे." पाणी भरून ठेवायला आधी पाणी असावं लागतं, हा मुद्दा दरवर्षी कुणीतरी काढतं आणि दरवर्षी त्यावर फक्त हशा होतो. आम्ही मेसच्या मागच्या नळाला बादल्यांची लाइन लावली. तेवढ्यात माझी रूममेट पेपर नाचवत आली. राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना मंजुरी दिली होती. "संपलं गं आपलं बादली-पुराण! धरणाला मंजुरी मिळाली!" लाइनीत टाळ्यासुद्धा वाजल्या.

मेसच्या मावशी भांडी विसळत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "गावाला इचारलं का कोनी?"

मावशींचं माहेर एका धरणात गेलं. (धरणाचं नाव लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.) सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण लाइनीत सिव्हिलवाली मी एकटीच. आणि मला उत्तर माहीत नव्हतं! स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये बऱ्यापैकी मार्क आहेत, ग्रॅव्हिटी डॅमची स्टॅबिलिटी झोपेत काढून दाखवीन, पण धरण बांधायची परवानगी कोण देतं, कुठल्या क्रमाने देतं, आणि त्यात गावाला कुणी विचारतं का, हे आम्हाला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. मग सरांना विचारलं, लायब्ररीत बसले, कायदे वाचले. त्याचा हा गोषवारा.

आधी आपली बादली

आपल्या भागाची जीवनवाहिनी म्हणजे उल्हास नदी. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरून ती कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा प्रवास करते. बदलापूरला बॅरेजवर तिचं पाणी उचललं जातं. भर उन्हाळ्यातही तिला पाणी दिसतं, कारण टाटांच्या आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज तयार करून खाली उल्हासात सोडलं जातं. म्हणजे आपण जे पितो त्यातला बराच भाग आधी टर्बाइन फिरवून आलेला असतो! अंबरनाथला चिखलोलीचं छोटं धरण आहे, पण ते शहराला कधीच पुरेसं नाही. उल्हासनगरला तर स्वतःचा जलस्रोतच नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं हे शहर आजही एमआयडीसीकडून पाणी विकत घेतं.

एमआयडीसीचं ते पाणी म्हणजे प्रामुख्याने बारवी धरणाचं. १९७२ साली हे धरण झालं ते मुळात कारखान्यांसाठी. पुढे शहरं वाढली, तहान वाढली आणि धरणाची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. आज बारवीची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. टीएमसीत सांगायचं (१ टीएमसी म्हणजे साधारण २८.३ दशलक्ष घनमीटर) तर १२ टीएमसी. नियोजित पोशीर धरण जवळपास याच मापाचं आहे. म्हणजे आणखी एक बारवी! आमच्या लाइनीतल्या टाळ्या उगाच नव्हत्या.

'मंजुरी' हा शब्द फसवा आहे

पेपरात आली ती होती 'प्रशासकीय मान्यता'. पोशीरसाठी ६ हजार ३९४ कोटी आणि शिलारसाठी ४ हजार ८६९ कोटी रुपयांच्या खर्चाला शासनाने मान्यता दिली. सोप्या भाषेत, घरच्यांनी "घे बाबा बाइक, पैसे देतो" म्हटलं. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स सगळं अजून बाकी आहे.

परीक्षेआधी आपण नो ड्यूजचा फॉर्म घेऊन फिरतो ना, लायब्ररी, लॅब, हॉस्टेल, अकाउंट्स... तसंच हे. फरक एवढाच की आपल्या फॉर्मवर कुणाची सही आधी, कुणाची नंतर, याने काही बिघडत नाही. धरणाच्या फॉर्मवर मात्र सह्यांच्या क्रमातच सगळी मेख आहे. आता एकेक खिडकी बघू.

खिडकी पहिली : पाणी आहे का?

हसू नका, हा सगळ्यात पहिला प्रश्न आहे. नदीत तेवढं पाणी येतं का आणि आलेलं आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही ना, हे बघून पाणी उपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो. सिंचनासाठी शंभरातल्या ७५ वर्षांत मिळेल एवढं पाणी धरून गणित करतात. पिण्याच्या पाण्याला तो हिशोब चालत नाही, कारण पीक एखाद्या वर्षी बुडालं तर नुकसान होतं, माणूस पाण्याविना वर्ष काढू शकत नाही. तिथे जवळजवळ दरवर्षी मिळणारंच पाणी धरावं लागतं. शिवाय २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. नवा प्रकल्प राज्याच्या जल आराखड्यात बसतो की नाही, हे तपासण्याचं काम त्याचं.

खिडकी दुसरी : भिंत टिकेल का?

ही आपली, सिव्हिलवाल्यांची खिडकी. सर्वेक्षण, बोअर घेऊन खडकाची तपासणी, मग सविस्तर प्रकल्प अहवाल. महाराष्ट्रातल्या मोठ्या धरणांची संकल्पचित्रं नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत तयार होतात किंवा तपासली जातात. इथला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे सांडव्यावरून किती पूर जाऊ द्यायचा. आयएस ११२२३ प्रमाणे ६० दशलक्ष घनमीटरपेक्षा जास्त साठ्याचं धरण 'मोठं' मानतात आणि त्याचा सांडवा त्या खोऱ्यात शक्य असलेल्या जास्तीत जास्त पुरासाठी, म्हणजे प्रोबॅबल मॅक्झिमम फ्लडसाठी ठरवतात.

हा आकडा पुस्तकी वाटतो का? मग २७ जुलै २०१९ आठवा. उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजारहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. इथला पाऊस कुणाच्या अंदाजाला जुमानत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने तर धरण बांधून झाल्यावरही त्याची नियमित तपासणी आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला आहे.

खिडकी तिसरी : पर्यावरण (इथे एक भगदाड आहे)

मला वाटलं होतं, एवढं मोठं धरण म्हणजे पर्यावरण मंजुरी हवीच. पण १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना वाचली आणि डोळे पांढरे झाले. नदी-खोरे प्रकल्पांना ती मंजुरी लागते की नाही, हे ठरतं दोन गोष्टींवर : किती मेगावॅट वीज आणि किती हेक्टर सिंचन. ज्या धरणात वीज नाही, सिंचन नाही, फक्त शहराचं आणि कारखान्यांचं पाणी आहे, ते या यादीत बसतच नाही! मग पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल नाही आणि त्यासोबत होणारी जाहीर जनसुनावणीही नाही. पाणी शेताला गेलं तर जनसुनावणी, आपल्या बादलीत आलं तर नाही. बुडणारं रान आणि बुडणारं गाव दोन्ही वेळा तेच असलं तरी.

मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच मिळालं, आणि ते ऐकवायला जावंसं वाटेना.

खिडकी चौथी : जंगल

सह्याद्रीच्या पायथ्याशी धरण म्हणजे वनजमीन आलीच. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार एक हेक्टर वनजमीनसुद्धा केंद्राच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. ही मंजुरी दोन टप्प्यांत येते. आधी 'तत्त्वतः मान्यता' : पर्यायी वनीकरणाला जमीन द्या, जंगलाच्या किमतीपोटी पैसे भरा, अमुक अटी पाळा. अटी पाळल्याचा अहवाल गेला की मग 'अंतिम मान्यता'. पहिली मिळाली की काही लोक पेढे वाटतात. पण ती म्हणजे केवळ हॉल तिकीट. रिझल्ट नव्हे!

या खिडकीवर काय होऊ शकतं, हे बघायला लांब जायची गरज नाही. मुरबाडला जा. काळू नदीवरच्या धरणाची योजना मुंबई महानगराच्या पाण्यासाठी. पैसा एमएमआरडीएचा, काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचं. धरणासाठी सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन लागणार होती. वनमंजुरी हातात नसताना २०११ मध्ये काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. ते धरण आजही उभं राहिलेलं नाही.

आता यावर दोन प्रकारे बोलता येतं. कुणी म्हणेल, "बघा, या आंदोलनवाल्यांमुळे शहरं तहानलेली." मीही आधी तेच म्हटलं असतं. पण जरा इंजिनीअरच्या नजरेने बघा. फाउंडेशनचं क्युरिंग झालं नसताना कुणी त्यावर कॉलम उभा केला आणि इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाने काम बंद पाडलं, तर उशीर कुणामुळे झाला? सही आधी, खोदकाम नंतर, एवढा साधा क्रम आहे. तो उलटा केला की खर्च झालेला पैसाच युक्तिवाद बनतो : "एवढे कोटी गेले, आता कसं थांबवायचं?" हे म्हणजे फॉर्म न भरता परीक्षेला बसून नंतर "पेपर तर लिहून झाला, आता रिझल्ट द्याच" म्हणण्यासारखं.

शेवटची खिडकी : गाव

आता मावशींचा प्रश्न. कायद्यात गावाला विचारायची सोय आहे का? आहे. तीन ठिकाणी.

एक, २००६ चा वनहक्क कायदा. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क आधी नोंदवले पाहिजेत. २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाने तर वनजमीन देण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण २०२२ च्या नव्या नियमांनी ही पूर्तता राज्य सरकारवर सोपवली. केंद्राची अंतिम मान्यता आल्यानंतर, जमीन प्रत्यक्ष देण्याआधी ती झाली तरी चालते. म्हणजे गावाची खिडकी लाइनीच्या पार टोकाला गेली.

दोन, १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत हवी. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं या क्षेत्रात येतात. त्याच डोंगररांगेतल्या, पण या यादीबाहेरच्या गावांना हे कवच नाही.

तीन, भूसंपादनाचा कायदा. १८९४ चा इंग्रजांचा कायदा तब्बल १२० वर्षं चालला आणि १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, सुनावणी आहे, वाढीव मोबदला आणि पुनर्वसन आहे. पण ७०-८० टक्के लोकांच्या संमतीची जी अट आपण ऐकतो, ती खासगी कंपन्या आणि खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी. सरकार स्वतःच धरण बांधत असेल तर ती लागत नाही. (अनुसूचित क्षेत्रात मात्र ग्रामसभेची संमती या कायद्यातही सांगितली आहे.)

म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं : गावाला ऐकून घेतात, सगळीकडे विचारतातच असं नाही, आणि जिथे विचारतात तिथेही बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी.

शेवटी ठेवलेलं आधी करावं लागतं

कुणी म्हणेल, ठीक आहे, गाव शेवटी. पण पाणी तर लवकर येतं ना? तेही नाही. बारवीच्याच उंचीवाढीचं बघा. तिसऱ्या टप्प्याचं काम गेल्या शतकाच्या शेवटी हाती घेतलेलं. भिंत वाढवणं हे काही रॉकेट सायन्स नव्हतं. पण वाढलेल्या पाण्यात तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं-पाडे येत होते आणि तिथे माणसं राहत होती. मोबदला, नवी जागा, घरटी एकाला नोकरी, हे प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळले. ज्या महापालिकांना आणि नगरपालिकांना बारवीचं पाणी मिळतं, त्यांनी आणि एमआयडीसीने प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्यायच्या असं ठरलं, गावं हलली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा वाढीव उंचीपर्यंत, ७२.६० मीटर पातळीपर्यंत भरलं. क्षमता २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४० वर गेली.

दोन दशकं! काँक्रीटला अठ्ठावीस दिवस लागतात ताकद यायला, हे आपण पाठ करतो. माणसांचा प्रश्न सुटायला वीस वर्षं लागली, ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. घरटी नोकरीची जी तोड शेवटी निघाली, ती पहिल्याच दिवशी काढता आली असती. ज्याला पाणी त्याने जबाबदारी घ्यावी, यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही प्रश्न हाच होता : आम्हाला न विचारता कसं? २००० साली जागतिक धरण आयोगाने जगभरच्या धरणांचा अभ्यास करून अहवाल दिला. त्यात पहिल्या क्रमांकाचं प्राधान्य होतं लोकांची मान्यता मिळवणं. सांडवा, पाया, खर्च सगळं त्यानंतर.

मग धरण नकोच का?

असं मी म्हणत नाही. मला धरणं बांधायची आहेत, म्हणून तर सिव्हिल घेतलं! आणि नळाच्या लाइनीत उभं राहून "धरण नको" म्हणणं सोपंही नाही, खरंही नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात रोज नवे टॉवर उभे राहताहेत, त्यांना पाणी कुठून तरी द्यावं लागणारच. (त्याआधी गळक्या पाइपलाइन बघा, सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्या, हे मात्र मी म्हणेनच. आपल्या दुसऱ्या मजल्यावरचा गळका नळसुद्धा त्यात आला. वॉर्डन मॅडम, वाचताय ना?)

माझं म्हणणं एवढंच आहे. पोशीर आणि शिलारचा फॉर्म आत्ता कुठे खिडक्यांच्या रांगेत लागतोय. यावेळी तरी गावाची खिडकी आधी उघडा. कायदा शेवटी चालेल म्हणत असला, तरी पहिली उघडायला कायद्याने मनाई केलेली नाही. काळू आणि बारवी हे दोन्ही शेजारीच आहेत, धडा घ्यायला परदेश दौऱ्याची गरज नाही.

आणि मित्रांनो, यापुढे पेपरात "धरणाला मंजुरी" वाचलंत की टाळ्या वाजवायच्या आधी एक प्रश्न विचारा : कुठली मंजुरी? पैशाची, पाण्याची, जंगलाची की माणसांची? आपल्यापैकी काही जण उद्या त्या खिडक्यांच्या आत बसलेले असतील. सहीचं पेन हातात येईल तेव्हा हा प्रश्न आठवला तरी पुरे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मावशींकडे गेले. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोळी उलटली आणि म्हणाल्या, "म्हंजी सही करतात ते येगळे आनि उठून जातात ते येगळे." मी "हो" म्हटलं. एवढे कायदे वाचून मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तू विंजिनेर झालीस का जाशील गावात इचारायला?"

मी "जाईन" म्हटलंय. मासिकात छापून येतंय, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही!